गिअर कोणी टाकायचा?

स्पोर्ट्स कारचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो: ऑटोमॅटिक जर जास्त वेगवान असेल, तर मॅन्युअल घ्यायचीच कशाला? तीस वर्षांपूर्वी हा प्रश्न कोणी विचारला नसता. ऑटोमॅटिक गाडी तेव्हा सुस्त असायची, पेट्रोलही जास्त प्यायची. वेगाची गाडी म्हटली की तीन पेडल आणि गिअरचा दांडा ठरलेला. आज परिस्थिती बरोबर उलटी आहे. जगातल्या बहुतेक सुपरकारमध्ये क्लचचं पेडलच नसतं. तरीही काही नामांकित कंपन्यांनी बंद केलेला मॅन्युअल गिअरबॉक्स पुन्हा बाजारात आणला. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, हे कळलं की निवड बरीच सोपी होते.

१. दांडा गेला आणि परत आला

२०१३ च्या मार्चमध्ये जिनिव्हाच्या मोटार प्रदर्शनात पोर्शेने नवी ९११ जीटी३ दाखवली. जीटी३ हे ९११ चं ट्रॅकसाठी तासून काढलेलं रूप. १९९९ पासून ती फक्त मॅन्युअल मिळायची. नव्या गाडीत मात्र मॅन्युअलचा पर्यायच ठेवला नव्हता. पोर्शेच्या जीटी विभागाचे प्रमुख आंद्रेआस प्रॉयनिंगर यांची त्या वेळची भूमिका सरळ होती. ट्रॅकवर कमीत कमी वेळात फेरी मारणं हे या गाडीचं काम, आणि पीडीके नावाचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स ते काम माणसाच्या हातापेक्षा चांगलं करतो.

हिशेबात काही चूक नव्हती. तरी जुने चाहते नाराज झाले आणि त्यांनी ते उघड बोलून दाखवलं. २०१६ मध्ये पोर्शेने ९११ आर काढली: ५०० अश्वशक्ती, सहा गिअर, फक्त मॅन्युअल, आणि जगभरासाठी मिळून ९९१ गाड्या. त्या हातोहात गेल्या. जुन्या गाड्यांच्या बाजारात त्यांचा भाव मूळ किमतीच्या कितीतरी वर गेला. पुढच्याच वर्षी जीटी३ मध्ये मॅन्युअलचा पर्याय परत आला, तोही जादा पैसे न घेता.

त्या चार वर्षांत तंत्रज्ञान मागे गेलं नव्हतं. पीडीके २०१३ मध्ये जास्त वेगवान होता आणि आजही आहे. मग लोक मागत होते ते नेमकं काय? त्यासाठी आधी गिअरबॉक्स काय करतो ते पाहू.

२. गिअर लागतो कशाला?

पेट्रोल इंजिन एका ठरावीक पट्ट्यातच चांगलं चालतं. मिनिटाला सात-आठशे फेऱ्यांच्या खाली गेलं की ते धडपडतं आणि बंद पडतं. वरच्या टोकालाही मर्यादा असते, तिच्यापुढे गेलं तर मोडतं. चाकांना मात्र शून्यापासून ताशी दोनशेपर्यंत सगळीकडे जायचं असतं. या दोघांचं जमवून द्यायचं काम गिअरचं.

एक काल्पनिक गाडी घेऊ. तिच्या चाकाचा घेर २ मीटर, म्हणजे चाक एकदा फिरलं की गाडी २ मीटर पुढे जाते. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनाचे ७.२ फेरे झाले की चाकाचा एक फेरा होतो. तिसऱ्यात ५ फेऱ्यांना एक. आता इंजिन मिनिटाला ६००० फेऱ्यांवर आहे असं धरा. दुसऱ्या गिअरमध्ये चाक मिनिटाला ८३३ वेळा फिरेल, गाडी मिनिटाला साधारण १६६६ मीटर जाईल, म्हणजे ताशी १०० किलोमीटर. तिसऱ्यात चाक १२०० वेळा फिरेल आणि वेग होईल ताशी १४४.

मग थेट तिसरा का नको? कारण जोर. इंजिनाचा जोर तेवढाच असला तरी दुसरा गिअर तो चाकापर्यंत तिसऱ्याच्या जवळपास दीडपट करून पोचवतो. खालचा गिअर ओढ देतो, वरचा वेग देतो. घाटात चढण आली की आपला हात आपोआप दांड्याकडे जातो तो याचसाठी.

म्हणजे कधीतरी एका गिअरमधून दुसऱ्यात जावंच लागतं. मॅन्युअल आणि ऑटोमॅटिक यांच्यातला सगळा फरक या जाण्याच्या क्षणात आहे.

३. डावा पाय, उजवी टाच

मॅन्युअल गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये क्लच असतो. तो म्हणजे मजबूत स्प्रिंगने एकमेकींवर दाबून धरलेल्या तबकड्या. पेडल दाबलं की त्या सुटतात आणि इंजिनाचा चाकांशी संबंध तुटतो. तेवढ्यात गिअर बदलायचा आणि पेडल सोडायचं. पूर्वी यातही कसरत होती, कारण दातेरी चाकांचा वेग जुळला नाही तर गिअर खरखरत पडायचा. १९२८ मध्ये कॅडिलॅकने सिंक्रोमेश आणला. त्यातल्या कड्या घर्षणाने दोन्ही बाजूंचा वेग आधी सारखा करतात आणि मगच गिअर बसू देतात. आजच्या प्रत्येक मॅन्युअल गाडीत हीच युक्ती आहे.

वरचा गिअर टाकणं कोणालाही जमतं. स्पोर्ट्स कारचा कस लागतो तो खाली येताना. आपलीच काल्पनिक गाडी ताशी १०० ने एका वळणाकडे चालली आहे. वळणात ६० पर्यंत यायचं आणि बाहेर पडताना दुसऱ्या गिअरची ओढ हवी. ताशी ६० ला तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन २५०० फेऱ्यांवर असतं. त्याच वेगाला दुसऱ्यात ते ३६०० वर हवं. क्लच दाबून दुसरा टाकला आणि पाय तसाच सोडला, तर हे ११०० फेरे चाकांकडून ओढून घेतले जातात. गाडीला हिसका बसतो. रस्ता ओला असेल आणि मागची चाकं ओढणारी असतील, तर मागचा भाग घसरूही शकतो.

मुरलेला चालक इथे उजव्या पायाची दोन कामं एकदम करतो. चवडा ब्रेकवर दाबलेला असतो. डावा पाय क्लच दाबतो, हात दांडा तिसऱ्यातून दुसऱ्यात ओढतो, आणि त्याच वेळी उजवी टाच किंवा पावलाची बाहेरची कड एक्सलरेटरवर हलकेच टेकते. चवड्याचा दाब अजिबात बदलू द्यायचा नाही. इंजिन एकदा हुंकारतं, काटा ३६०० च्या आसपास जातो, क्लच सुटतो. बरोबर जमलं तर मांडीवर ठेवलेली पाण्याची बाटलीसुद्धा हलत नाही. हे सगळं सेकंदाच्या आत.

सुरुवातीला ब्रेक जास्त दाबला जातो किंवा टाच हवेतच राहते. ते बसायला महिने लागतात. पण बसलं की त्याचा आनंद खरोखर मोठा असतो, आणि मॅन्युअल मागणाऱ्यांच्या मनात हाच क्षण असतो. काही नव्या मॅन्युअल गाड्यांमध्ये फेरे जुळवण्याचं काम संगणक करतो. निसानच्या ३७०झेडपासून ही सोय आली. ती बंद करायचं बटण आहे का, हे घेण्याआधी जरूर पाहावं.

४. ऑटोमॅटिक एकच नसतो

‘ऑटोमॅटिक’ या एका नावाखाली तीन वेगळी यंत्रं येतात. बरेचसे गैरसमज त्यांची सरमिसळ केल्यामुळे होतात.

पहिलं टॉर्क कन्व्हर्टरचं. यात इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये तेलाने भरलेलं बंद भांडं असतं. इंजिनाकडची पाती तेल ढकलतात आणि ते तेल समोरची पाती फिरवतं. मध्ये पक्की जोडणी नसल्यामुळे गाडी उभी असताना इंजिन बंद पडत नाही, आणि निघताना अगदी अलगद निघते. पण थोडा जोर तेलातच मुरतो. जुन्या ऑटोमॅटिक गाड्या दाबल्यावर आधी ओरडायच्या आणि मग हलायच्या, त्याचं हेच कारण. आता गाडी निघाली की आतला एक क्लच दोन्ही बाजू पक्क्या जोडून टाकतो. २००९ पासून वापरात आलेला झेडएफ कंपनीचा आठ गिअरचा बॉक्स इतका चपळ निघाला की बीएमडब्ल्यूने एम५ मध्ये दुहेरी क्लच सोडून २०१७ च्या पिढीत तोच घेतला.

दुसरं यंत्र म्हणजे साधाच मॅन्युअल गिअरबॉक्स, पण क्लच दाबणं आणि गिअर टाकणं ही कामं मोटर किंवा तेलाच्या दाबावर चालणारा हात करतो. याची मोठी कथा शर्यतीत घडली. फेरारीसाठी जॉन बर्नार्ड यांनी ६४० ही फॉर्म्युला वन गाडी आखली, तेव्हा त्यांना गिअरचा दांडा आणि त्याचे दुवे काढून चालकाची जागा अरुंद करायची होती. गिअरची पॅडल त्यांनी स्टिअरिंगच्या मागे नेली. चाचण्यांमध्ये गाडी सारखी बंद पडत होती आणि ती पहिली शर्यत पूर्ण करेल असं फेरारीच्या लोकांनाही वाटत नव्हतं. २६ मार्च १९८९ रोजी ब्राझीलमध्ये नायजेल मॅन्सेलने तिच्यातून ती शर्यत जिंकली. १९९७ मध्ये हीच पॅडल एफ३५५ मधून रस्त्यावर आली.

आपल्याकडे २०१४ मध्ये सेलेरिओबरोबर आलेला एएमटी याच जातीचा. गिअर बदलताना बसलेल्यांच्या माना पुढे डुलतात तो हा. क्लच एकच असल्यामुळे तो सुटून पुन्हा धरेपर्यंत जोर तुटतो. माणूस ती वेळ पायाने सावरून घेतो, त्या काळच्या यंत्राला ते नीट जमत नसे. वापरलेली स्पोर्ट्स कार घेताना २००० च्या दशकातली पॅडलवाली फेरारी किंवा बीएमडब्ल्यू समोर आली, तर तिच्यात हे यंत्र असण्याची शक्यता दाट आहे. ती चालवून पाहिल्याशिवाय व्यवहार करू नये.

तिसरं यंत्र दुहेरी क्लचचं, आणि आजच्या स्पोर्ट्स कारमध्ये दबदबा याचाच. तव्यावर एक पोळी भाजत असतानाच पुढची लाटून तयार ठेवावी, तसं हे काम चालतं. एका क्लचवर पहिला, तिसरा, पाचवा आणि सातवा गिअर, दुसऱ्यावर दुसरा, चौथा आणि सहावा. गाडी तिसऱ्यात धावत असते तेव्हा दुसऱ्या बाजूला चौथा आधीच बसवून ठेवलेला असतो. पॅडल ओढलं की एक क्लच सुटत असताना त्याच वेळी दुसरा धरतो. चाकांकडे जाणारा जोर जवळजवळ तुटतच नाही. पोर्शेचा पीडीके याच जातीचा. पोर्शेने हे १९८० च्या दशकात शर्यतीत वापरलं आणि १९८६ मध्ये मोंझाला ९६२ ने या गिअरबॉक्ससह शर्यत जिंकली. पण दोन क्लचचा ताळमेळ सांभाळणारी इलेक्ट्रॉनिक्स पक्की व्हायला वेळ लागला. विक्रीच्या गाडीत ते पहिल्यांदा २००३ मध्ये फोक्सवॅगन गोल्फ आर३२ मध्ये आलं, आणि पोर्शे ९११ मध्ये २००८ साली.

५. घड्याळाचा निकाल

२०२१ ची जीटी३ एकाच इंजिनासह दोन्ही गिअरबॉक्समध्ये मिळत होती, त्यामुळे तुलना स्वच्छ होते. चार लिटर, सहा सिलिंडर, ५१० अश्वशक्ती. शून्य ते ताशी १०० ला पीडीकेची गाडी ३.४ सेकंद घेते, मॅन्युअल ३.९. ताशी १०० च्या वेगाला अर्ध्या सेकंदात जवळजवळ १४ मीटर जातात, म्हणजे तीन गाड्यांची लांबी. सर्वोच्च वेगात मात्र मॅन्युअल किंचित पुढे: ३२० विरुद्ध ३१८. वजनातही मॅन्युअल १७ किलोंनी हलकी, १४१८ विरुद्ध १४३५.

हे अर्धं सेकंद येतं कुठून? थोडं गिअर बदलताना वाचतं, पण बरंचसं सुटतानाच. उभ्या गाडीतून चाकं घसरू न देता पूर्ण जोर सोडणं पायाला अवघड जातं आणि संगणक ते दर वेळी सारखंच करतो. बीएमडब्ल्यू एम२ मध्ये ऑटोमॅटिकचा आकडा ४.१ होता आणि मॅन्युअलचा ४.३. टॉर्क कन्व्हर्टर असूनही ऑटोमॅटिकच पुढे.

तेव्हा वेगाचा वाद संपलेला आहे. मॅन्युअल वेगवान असते असं कोणी सांगितलं तर ते जुन्या काळचं आहे. ज्याला ट्रॅकवर फेरीची वेळ कमी करायची आहे, त्याने हे प्रकरण इथेच थांबवून ऑटोमॅटिक घ्यावी. तिच्यात दोन्ही हात स्टिअरिंगवर राहतात आणि सगळं लक्ष ब्रेक आणि वळणातली रेषा यांच्याकडे देता येतं. ट्रॅकवर नवख्या माणसाला याचा उपयोग फार होतो.

६. मग मागणी का येते?

शेवर्ले कॉर्व्हेटचा इतिहास या बाबतीत बोलका आहे. १९५३ ची पहिली कॉर्व्हेट फक्त दोन गिअरच्या ऑटोमॅटिकसह मिळायची आणि स्पोर्ट्स कारवाल्यांनी नाकं मुरडली. १९५५ पासून तिला मॅन्युअल मिळाला आणि पुढे अनेक दशकं तोच तिची ओळख होता. २०२० च्या आठव्या पिढीत इंजिन चालकाच्या मागे गेलं आणि गाडी पुन्हा फक्त ऑटोमॅटिक झाली, या वेळी आठ गिअरच्या दुहेरी क्लचची. तिला गिऱ्हाईक भरपूर मिळालं. म्हणजे मॅन्युअल नसला की गाडी विकली जात नाही, असं नाही.

उलट टोयोटाची सुप्रा २०१९ मध्ये फक्त ऑटोमॅटिक आली होती. चाहत्यांची मागणी थांबेना, तेव्हा २०२२ मध्ये तिला सहा गिअरचा मॅन्युअल देण्यात आला. स्वीडनच्या कोएनिगसेगने तर सीसी८५० मध्ये असा गिअरबॉक्स बसवला की तो नऊ गिअरचा ऑटोमॅटिक म्हणूनही चालतो, आणि क्लच दाबून, दांडा हलवून सहा गिअरचा मॅन्युअल म्हणूनही.

इतका खटाटोप कशासाठी? माझं मत स्पष्ट आहे. गाडी जितकी वेगवान होत गेली, तितका तिचा वेग रस्त्यावर वापरता येईनासा झाला. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मोटारीला ताशी १०० ची मर्यादा आहे. आपली काल्पनिक गाडी तिथे दुसऱ्याच गिअरमध्ये पोचते. जीटी३ चं इंजिन तर ९००० फेऱ्यांपर्यंत जातं. म्हणजे सार्वजनिक रस्त्यावर अशा गाडीचं अर्धं इंजिनसुद्धा कायद्यात राहून वापरता येत नाही. मग चालकाच्या वाट्याला उरतं काय? वळणाआधी कोणता गिअर हवा हे ठरवणं, तो नीट टाकणं, क्लच कुठे धरतो ते पायाला कळणं. हे काम ताशी पन्नासलाही तेवढंच रंगतं. मॅन्युअल मागणारे आपल्या वाट्याचं काम परत मागत असतात, आणि मला ती मागणी योग्य वाटते.

७. आधी इंजिन पाहा

गिअरबॉक्सची निवड एकट्याने होत नाही, ती इंजिनाशी बांधलेली असते. सल्ला देणारे हा मुद्दा सहसा विसरतात.

टर्बो नसलेलं इंजिन फेरे वाढतील तसा जोर वाढवत नेतं. ३००० वर ते शांत असतं, ६००० वर जागं होतं. अशा इंजिनात योग्य गिअर निवडण्याला खरा अर्थ असतो. चुकीचा गिअर असेल तर गाडी ओढतच नाही, बरोबर असेल तर झेप घेते. माझदाची एमएक्स-५ याचं उत्तम उदाहरण. जेमतेम एक टन वजनाची, बेताच्या शक्तीची ही गाडी भारतात अधिकृतपणे विकली जात नाही. पण युरोप-अमेरिकेतल्या आपल्या लोकांना ती सहज घेता येते. त्यांनी विचारलं तर माझं उत्तर दुसरं असणारच नाही: मॅन्युअल घ्या.

टर्बो इंजिनाचा स्वभाव वेगळा. ते २००० फेऱ्यांच्या आसपासच जवळपास पूर्ण जोर देतं आणि पुढे बराच वेळ तो तसाच टिकवतं. दुसरा काय, तिसरा काय, गाडी जातेच. शिवाय क्लच दाबून एक्सलरेटर सोडला की टर्बोचा दाब क्षणभर उतरतो. दुहेरी क्लच जोर तुटू देत नाही, त्यामुळे दाबही टिकतो. इथे ऑटोमॅटिकचं पारडं जड होतं.

त्यात जोर फार असेल तर मॅन्युअलवर ताण येतो. जास्त टॉर्क, म्हणजे इंजिनाचा जोर, न घसरता धरायचा तर क्लचची स्प्रिंग कडक हवी, म्हणजे पेडल जड होणार. गिअरचे दाते आणि सिंक्रोमेशच्या कड्याही तितक्या मजबूत कराव्या लागतात. २०२० च्या पिढीची बीएमडब्ल्यू एम३ पाहा. मॅन्युअल गाडीला ५५० न्यूटन-मीटर टॉर्क, आणि ६५० न्यूटन-मीटरची कॉम्पिटिशन फक्त ऑटोमॅटिक. एम२ मध्येही २०२४ च्या बदलानंतर ऑटोमॅटिकला ६०० मिळाले, मॅन्युअल ५५० वरच राहिली.

अपवाद आहेत. गॉर्डन मरे यांच्या टी.५० मध्ये १२,१०० फेऱ्यांपर्यंत जाणारं व्ही१२ इंजिन आणि सहा गिअरचा मॅन्युअल आहे. पण तिथे टर्बो नाही, टॉर्क ५०० न्यूटन-मीटरच्या आत आहे आणि गाडीचं वजन एक टनाच्या खाली. म्हणजे अपवादही वरचाच नियम सांगतो.

८. मग आपला रस्ता

संध्याकाळी सहाला हिंजवडीतून बाहेर पडणारा माणूस दर दहा मीटरला क्लच दाबतो. स्पोर्ट्स कारचा जड क्लच तासभर असा दाबला तर गुडघा बोलायला लागतो, आणि पाय थकला की माणूस गाडी हाफ क्लचवर धरून ठेवतो. क्लच प्लेट तिथेच जळते. रोज ऑफिसला नेण्यासाठी एकच गाडी असेल आणि ती शहरातच चालणार असेल, तर ऑटोमॅटिक घेण्यात कमीपणा काहीच नाही.

पण अशा रहदारीत कोणता ऑटोमॅटिक, हा प्रश्न उरतोच. दुहेरी क्लचच्या बॉक्समध्येही शेवटी क्लचच असतात, आणि मुंगीच्या पावलाने सरकताना ते घसरत राहतात. काहींमध्ये क्लच तेलात बुडालेले असतात, तेल उष्णता वाहून नेतं. काहींमध्ये ते कोरडे असतात, आणि सततच्या रहदारीत तापतात. कोरड्या क्लचची गाडी असेल तर पुढच्या गाडीमागे इंच-इंच सरकू नये. थोडी जागा होऊ द्यावी आणि मग ब्रेक पूर्ण सोडून निघावं. रहदारीला सर्वांत सोशिक यंत्र टॉर्क कन्व्हर्टरचं.

घाटात चित्र बदलतं. ताम्हिणीत किंवा आंबोलीत पावसाळ्यानंतर सकाळी लवकर, रस्ता मोकळा असताना, बेताच्या शक्तीची मॅन्युअल गाडी दुसऱ्या-तिसऱ्यात खेळवत नेण्यासारखं सुख नाही. उतारावर ऑटोमॅटिकवाल्यांनी एक गोष्ट पाळायलाच हवी. डी मध्ये सोडलेली गाडी कधी कधी पेट्रोल वाचवण्यासाठी वरचा गिअर टाकते, इंजिन गाडीला रोखत नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापले की दाबूनही धरत नाहीत. पॅडलने दुसरा किंवा तिसरा गिअर धरून उतरावं.

हे सगळं अनुभवायला कोटीची गाडी लागत नाही. चाकणला बनणारी फोक्सवॅगन व्हर्टस जीटी १५० अश्वशक्तीच्या एकाच इंजिनासह सहा गिअरच्या मॅन्युअलमध्ये आणि सात गिअरच्या दुहेरी क्लचमध्ये विकली गेली आहे. ती स्पोर्ट्स कार नव्हे, सेडान आहे. पण दोन्ही गिअरबॉक्स पाठोपाठ चालवून स्वतःच्या पायाला काय आवडतं ते ठरवायला तिच्याइतकी सोपी तुलना मिळणं कठीण.

९. खर्चाचं थोडक्यात

मॅन्युअलमध्ये झिजतो तो मुख्यतः क्लच, आणि तो किती टिकेल हे चालकाच्या सवयीवर ठरतं. दुहेरी क्लच नीट वापरला तर पुष्कळ टिकतो, पण त्याचं नियंत्रण करणारा भाग बिघडला तर बिल मोठं येतं. गिअरबॉक्सचं तेल ठरल्या वेळी बदललं आहे का, हे जुनी गाडी घेताना कागदावर पाहावं. काही मॅन्युअल फेरारी आज त्यांच्याच पॅडलवाल्या जुळ्या बहिणींपेक्षा बऱ्याच महाग विकल्या जातात, कारण त्या मुळातच कमी बनल्या. पण भाव वाढेल या आशेने मॅन्युअल घेऊन ती झाकून ठेवणाऱ्याला या प्रकरणाचा काही उपयोग नाही.

१०. चालवून पाहताना

दुकानातून निघून रिकाम्या रस्त्यावर पाच मिनिटं फिरवून काही कळत नाही. मॅन्युअल गाडी असेल तर आधी ती मुद्दाम रहदारीत घाला आणि चढणीवर थांबवून पुन्हा काढा. क्लच पेडलच्या कोणत्या उंचीवर धरतो ते पायाला लगेच समजतं का, हे पाहा. ब्रेक आणि एक्सलरेटर यांची उंची आणि अंतर तपासा. ब्रेक दाबलेला असताना टाच सहज पलीकडे पोचत नसेल, तर वळणातली ती सगळी कला या गाडीत दर वेळी अडखळत करावी लागेल. दांडा दुसऱ्यातून तिसऱ्यात झटकन नेऊन पाहा, इंजिन थंड असताना आणि गरम झाल्यावरही.

ऑटोमॅटिक असेल तर पार्किंगमध्ये चढावर मागे घ्या, अगदी हळू. कोरड्या दुहेरी क्लचच्या गाड्यांची परीक्षा इथे होते. मग रस्त्यावर संथ चालताना एकदम एक्सलरेटर पूर्ण दाबा आणि गिअर खाली यायला किती उशीर लागतो ते बघा. शेवटी मॅन्युअल मोड लावून पॅडलने एक गिअर धरून ठेवा आणि फेरे वरच्या मर्यादेपर्यंत जाऊ द्या. काही गाड्या तिथे पोचताच न विचारता वरचा गिअर टाकतात. काही तुम्ही पॅडल ओढेपर्यंत थांबतात. घाटात ऐन वळणात गिअर आपोआप बदललेला कोणालाच आवडत नाही, म्हणून तुमची गाडी यांपैकी कोणत्या जातीची आहे, हे पैसे भरण्याआधी माहीत असायला हवं.